पावसाने सरकवलेल्या तारखा

वर्तमानपत्रांच्या ‘दिनविशेष’ सदरात खेळाच्या तारखा छापलेल्या असतात: अमुक दिवशी अमुक जिंकले, एवढ्या ओळीत मामला संपतो. वाचताना वाटतं, ती तारीख जणू आधीच ठरलेली होती. प्रत्यक्षात यातल्या काही तारखा अगदी उपऱ्या आहेत. कुणाच्या तरी वेळापत्रकात भलताच दिवस होता, आणि आभाळ फाटलं म्हणून तो पुढे गेला. भारतीय खेळाच्या इतिहासात असे दोन दिवस ठळक आहेत, दोन्ही ऑगस्टमधले. ऑगस्टच का, तर ऑलिंपिक बहुधा युरोपातल्या उन्हाळ्यात व्हायचं आणि इंग्लंडच्या मोसमातली शेवटची कसोटी ओव्हलवर ऑगस्टअखेर व्हायची. तिथला उन्हाळा म्हणजे काय, हे मात्र आपल्या जूनला विचारावं.

पहिला दिवस १५ ऑगस्ट १९३६. बर्लिन ऑलिंपिकच्या हॉकीची अंतिम लढत खरं तर १४ तारखेला होती. पावसाने मैदानाचा चिखल झाला आणि भारत-जर्मनी सामना एक दिवस पुढे ढकलला गेला. अकरा वर्षांनी हाच दिनांक आपल्याला सुट्टी आणि झेंडावंदन देणार आहे, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही असणं शक्य नव्हतं.

भारतीय संघाच्या पोटात गोळा होता, याला कारण होतं. महिनाभर आधी, १७ जुलैला, सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असं हरवलं होतं. त्या धक्क्याने हिंदुस्थानातून दारा या खेळाडूला तातडीने बोलावून घेण्यात आलं. ते थेट उपांत्य सामन्याला येऊन उभे राहिले. आणखी एक गोष्ट संघाचे उपकर्णधार मसूद यांनी लिहून ठेवली आहे. अंतिम सामन्याआधी सहायक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी खेळाडूंच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि सगळ्यांनी त्याला वंदन केलं. संघ अधिकृतपणे ब्रिटिश हिंदुस्थानचा, आणि वंदन या झेंड्याला. मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल झाला होता. ओल्या मैदानावर जम बसेना, तेव्हा ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट काढून टाकले. निकाल ८-१. जर्मनीचा तो एक गोल म्हणजे त्या ऑलिंपिकमध्ये भारतावर झालेला एकुलता एक गोल. (हिटलर आणि ध्यानचंद यांच्या भेटीची गोष्ट आपल्याकडे फार रंगवून सांगितली जाते. मला ती या सामन्याहून कमी रंजक वाटते.) त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक देशी व्यायामप्रकार आणि कबड्डी दाखवत होतं. आपण ध्यानचंद लक्षात ठेवले आणि अमरावतीकरांना विसरलो.

दुसरा दिवस २४ ऑगस्ट १९७१, मंगळवार, भाद्रपद शुद्ध चतुर्थी. या तारखेची हकीकत सावकाश सांगायला हवी, कारण इंग्लंडमधल्या त्या अख्ख्या कसोटी मालिकेवर पावसाचाच ताबा होता. लॉर्ड्सला भारताला जिंकायला १८३ हव्या होत्या. १४५ वर आठ गडी बाद असताना चहापानाला पाऊस आला आणि सामना अनिर्णित राहिला. कुणाचं नशीब बलवत्तर, ते ज्याने त्याने ठरवावं. मँचेस्टरला मात्र वाद नाही. ४२० च्या पाठलागात आपण ३ बाद ६५ वर चाचपडत होतो आणि शेवटचा दिवस पावसाने धुऊन नेला. वाचलो.

ओव्हलला इंग्लंडने पहिल्याच दिवशी ३५५ धावा केल्या आणि सगळे बाद झाले. दुसरा दिवस, शुक्रवार, पावसात गेला. शनिवारी आणि सोमवारी सकाळी मिळून भारताच्या २८४ झाल्या, इंग्लंडला ७१ ची आघाडी मिळाली. रविवार तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे विश्रांतीचा. म्हणजे सोमवारी दुपारपर्यंत सामना इंग्लंडकडे झुकलेला होता, आणि त्या संघाने त्याआधी सलग २६ कसोटींत हार पाहिली नव्हती.

मग भागवत चंद्रशेखर. लहानपणी पोलिओने बारीक झालेला उजवा हात, आणि त्याच हाताने टाकलेला लेगस्पिन. सुरुवात तर निव्वळ योगायोगाची. लखर्स्टने सरळ मारलेला चेंडू चंद्राच्या बोटांना चाटून समोरच्या यष्ट्यांवर गेला आणि क्रीजबाहेर आलेला जेमसन धावबाद झाला. त्या वर्षी डर्बी जिंकलेल्या घोड्याचं नाव होतं मिल रीफ. चंद्राच्या वेगवान चेंडूला संघात तेच नाव पडलं होतं. एड्रिच समोर आला, दिलीप सरदेसाईंनी मिल रीफ सोडायला सांगितलं, आणि एड्रिचची बॅट खाली येण्याआधी यष्टी उडाली. पुढच्याच चेंडूवर फ्लेचर, झेल सोलकर. एकनाथ सोलकर म्हणजे मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. त्याने फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेट नसण्याच्या काळात, वेंकटराघवनच्या चेंडूवर नॉटचा झेल पुढे झेपावून घेतला. पहिल्या डावात ९० काढलेला नॉट एका धावेवर परतला. मला विचाराल तर सामना त्या झेलात फिरला, चंद्राने तो नंतर फक्त बंद केला. १०१ सर्वबाद, चंद्राचे ३८ धावांत सहा बळी. हे सगळं सोमवारी, २३ तारखेला. आपण साजरी करतो ती २४.

कारण मंगळवारी ९७ धावा उरल्या होत्या. कर्णधार अजित वाडेकर ४५ वर नाबाद होते, सकाळी एकही धाव न जोडता धावबाद झाले. ते ड्रेसिंग रूममध्ये जाऊन चक्क झोपले, आणि सामना संपल्यावर त्यांना उठवावं लागलं. बाहेर सरदेसाई आणि विश्वनाथ एकेक धाव मोजत होते. भारतीय प्रेक्षकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाचं हत्तीचं पिल्लू आणून मैदानाभोवती फिरवलं. चतुर्थीला गजराज हवाच. आबिद अलीने विजयाचा चौकार मारला तेव्हा लंडनमध्ये दुपारचे पावणेतीन वाजत होते, इथे सव्वासात. घरोघरी आरतीची वेळ.

आता शुक्रवारी पाऊस पडला नसता तर? खेळाची चाल पाहता सामना चतुर्थीआधीच निकालात निघाला असता, आणि बेला चेसिंग्टनमध्येच राहिली असती.

छताखाली होणाऱ्या खेळाला पावसाची ही सवलत नसते. २३ जुलै १९५२ ला हेलसिंकीत गोळेश्वरचे खाशाबा जाधव मॅटवर उतरले. जपानच्या इशीशी दीर्घ झुंज झाली, आणि लगेच सोव्हिएत मल्ल ममेदबेयोव्हसमोर उभं राहायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळायला हवी, हे सांगणारा भारतीय पदाधिकारी जवळ नव्हता. एका दिवसाची उसंत बर्लिनच्या हॉकीपटूंना आभाळाने दिली होती, खाशाबांना अर्धा तासही मिळाला नाही. पदक कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना हेलसिंकीपर्यंत पोचवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. २३ जुलैला मात्र अजून कुणी सुट्टी देत नाही.

पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राच्या वाट्याला यायला ७२ वर्षं लागली. १ ऑगस्ट २०२४, फ्रान्समधलं शातोरू, ५० मीटर रायफल. पात्रता फेरीत सातवा आलेला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे अंतिम फेरीत तिसरा आला.