नेटवर्क स्विच : प्रवेशसत्रे व वापरकर्ता-जोडण्या

संगणकांच्या जाळ्यातील माहिती इष्ट संगणकाकडे वळविणाऱ्या उपकरणाला नेटवर्क स्विच म्हणतात. व्यवस्थापकाने ओळख पटवून स्विचमध्ये प्रवेश केल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या कालावधीला सत्र, तर प्रवेशाच्या मार्गाला वापरकर्ता-जोडणी म्हणतात.

जोडण्या मुख्यत्वे दोन प्रकारच्या असतात. कन्सोल जोडणी उपकरणाला प्रत्यक्ष केबल लावून मिळते; तिचा वेग बहुधा सेकंदाला ९,६०० बिट असतो. आभासी जोडण्या जाळ्यातूनच, दूर अंतरावरून मिळतात. त्यांची संख्या मर्यादित असते. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट मालिकेतील अनेक स्विचमध्ये त्या १६ असतात. व्यवस्थापक बाहेर न पडताच उठून गेल्यास त्याची जोडणी अडून राहते. सर्व आभासी जोडण्या अशा अडल्यास दुरून प्रवेश मिळत नाही व ऐन बिघाडाच्या वेळी केवळ कन्सोलचा मार्ग उरतो. शिवाय उघडे सत्र हाती लागलेल्या कोणालाही मूळ व्यवस्थापकाचे अधिकार मिळतात. म्हणून निष्क्रिय सत्र ठराविक काळानंतर आपोआप बंद होण्याची योजना असते. सिस्कोच्या स्विचमध्ये हा काळ, वेगळा न नेमल्यास, १० मिनिटे असतो. अडलेले सत्र दुसऱ्या जोडणीवरून तोडताही येते.

दूरप्रवेशाच्या टेलनेट या पद्धतीचे मानक १९८३ साली प्रसिद्ध झाले. तीत परवलीचा शब्द उघड स्वरूपात जातो. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यातून परवलीचे शब्द चोरले गेल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही पद्धत तयार केली. तीत संपूर्ण संभाषण कूटबद्ध असल्याने आभासी जोडण्यांवर टेलनेट बंद ठेवून केवळ हीच पद्धत चालू ठेवणे श्रेयस्कर ठरते.