व्हर्निअर कॅलिपर

वस्तूची लांबी, जाडी, बाहेरील व आतील व्यास आणि खोली काटेकोरपणे मोजण्याचे सरकत्या जबड्याचे उपकरण. साध्या मोजपट्टीवर १ मिमी.पर्यंतचे अंतर वाचता येते. त्याहून लहान भागाचा नजरेने केवळ अंदाज करावा लागतो. शिवाय गोळा, नळी किंवा बांबू यांसारख्या वस्तूंच्या व्यासावर पट्टी नेमकी धरता येत नाही. वस्तू दोन जबड्यांत पकडणे आणि मिलिमीटरचा अंश वाचण्यासाठी दुसरी सरकती पट्टी वापरणे, या दोन युक्त्यांच्या संयोगाने या उपकरणात वरील दोन्ही अडचणी दूर केल्या आहेत. उच्च माध्यमिक भौतिकीच्या प्रात्यक्षिकांत हे उपकरण प्रारंभीच हाताळावे लागते.

इतिहास : जबड्यांत वस्तू धरून मोजण्याची कल्पना प्राचीन आहे. इटलीच्या किनाऱ्यालगत जील्यो बेटापाशी बुडालेल्या इ. स. पू. सहाव्या शतकातील जहाजाच्या अवशेषांत लाकडी कॅलिपर सापडला आहे. चीनमध्ये इ. स. ९ या वर्षाचा निर्देश असलेला काशाचा सरकता कॅलिपर मिळाला आहे. मुख्य भागाचा अंश वाचण्यासाठी पोर्तुगीज गणितज्ञ पेद्रू नूनिश (१५०२–७८) यांनी १५४२ मध्ये एक पद्धत सुचविली. परंतु ती वापरण्यास अवघड होती. फ्रेंच गणितज्ञ प्येअर व्हेर्न्ये (१५८०–१६३७) यांनी १६३१ मध्ये सरकत्या पट्टीची सोपी पद्धत प्रसिद्ध केली व त्यांच्या नावावरून तिला व्हर्निअर हे नाव पडले. अमेरिकेतील जोसेफ आर. ब्राउन यांनी १८५१ मध्ये इंचाचा हजारावा भाग वाचणारा व्हर्निअर कॅलिपर तयार केला. त्यानंतर हे उपकरण कारखान्यांत सर्वत्र रूढ झाले.

रचना व तत्त्व : पोलादी मुख्य पट्टीच्या एका टोकास स्थिर जबडा असतो. दुसरा जबडा पट्टीवर सरकतो व त्याच्याबरोबर व्हर्निअर पट्टीही सरकते. खालचे मोठे जबडे बाहेरील मापांसाठी, वरचे लहान जबडे आतील व्यासासाठी आणि मागील बाजूस बाहेर येणारी बारीक पट्टी खोलीसाठी असते. शाळेत सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या प्रकारात मुख्य पट्टीवरील ९ मिमी. लांबीचे व्हर्निअरवर दहा समान भाग केलेले असतात. त्यामुळे व्हर्निअरचा प्रत्येक भाग ०·९ मिमी. होतो. मुख्य पट्टीचा एक भाग व व्हर्निअरचा एक भाग यांतील फरक, म्हणजे १ – ०·९ = ०·१ मिमी. किंवा ०·०१ सेंमी., यास उपकरणाचे लघुतम माप म्हणतात. ४९ मिमी.चे पन्नास भाग केल्यास ते ०·०२ मिमी. येते.

वाचन : व्हर्निअरच्या शून्याच्या लगेच डावीकडे असणारी मुख्य पट्टीवरील रेषा प्रथम वाचतात. नंतर व्हर्निअरची कोणती रेषा मुख्य पट्टीवरील एखाद्या रेषेशी तंतोतंत जुळते ते पाहून तिच्या क्रमांकास लघुतम मापाने गुणतात. ही दोन्ही मूल्ये मिळवली म्हणजे वाचन मिळते. उदा., मुख्य पट्टीवर ३·४ सेंमी. असून व्हर्निअरची सहावी रेषा जुळत असल्यास वाचन ३·४ + ६ × ०·०१ = ३·४६ सेंमी. होते. दृष्टी जुळणाऱ्या रेषेच्या अगदी समोर असावी. तिरपे पाहिल्यास शेजारची रेषा जुळल्याचा भास होतो.

शून्य त्रुटी : जबडे मिटल्यावर दोन्ही पट्ट्यांची शून्ये जुळली पाहिजेत. झीज, आघात किंवा जबड्यांत अडकलेला कण यांमुळे ती नेहमी जुळतातच असे नाही. जबडे मिटलेले असताना व्हर्निअरचे शून्य उजवीकडे असून तिसरी रेषा जुळत असेल, तर त्रुटी धन असते व तिचे मूल्य + ०·०३ सेंमी. होते. शून्य डावीकडे असून आठवी रेषा जुळत असेल, तर त्रुटी ऋण असते व तिचे मूल्य – (१० – ८) × ०·०१ = – ०·०२ सेंमी. होते. वाचनातून त्रुटी तिच्या चिन्हासह वजा करतात. म्हणून ऋण त्रुटीचे मूल्य वाचनात मिळवले जाते.

या उपकरणाच्या वापरातील खरा धडा येथे आहे. शून्य त्रुटी न पाहता एकच वस्तू दहा वेळा मोजली, तर दहाही वाचने परस्परांशी जुळतील आणि तरीही सर्व सारखीच चुकीची असतील. वाचने एकमेकांशी जुळणे हा काटेकोरपणा होय. ती खऱ्या मूल्याशी जुळणे ही अचूकता होय. सरासरी घेतल्याने अनियमित चुका कमी होतात, परंतु शून्य त्रुटी जशीच्या तशी राहते.

स्थानिक नमुन्यावरील मापन : गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेस इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या भामरागडच्या परिसरात मानवेल जातीचा बांबू विपुल आहे. याचे खोड जाड भिंतीचे, कधीकधी जवळजवळ भरीव असते. भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू केली. या भागातील अनेक मुले घरी माडिया बोलतात व शाळेत मराठीतून शिकतात. अशा ठिकाणी व्याख्या पाठ करण्यापेक्षा हाताशी असलेला बांबूचा तुकडा मोजणे अधिक बोधप्रद ठरते, कारण तयार धातूच्या गोळ्यात न दिसणाऱ्या अडचणी त्यात दिसून येतात.

बांबू पूर्ण गोल नसतो. म्हणून दोन पेरांच्या मधोमध परस्परांस लंब अशा दोन दिशांनी व्यास घेतात. समजा, वाचने ३·४६ व ३·३४ सेंमी. आली; त्यांची सरासरी ३·४० सेंमी. होते. शून्य त्रुटी + ०·०३ सेंमी. असल्यास खरा व्यास ३·३७ सेंमी. येतो. आतील व्यासाचे सरासरी वाचन १·७४ सेंमी. असून लहान जबड्यांची त्रुटीही तेवढीच असेल, तर भिंतीची जाडी (३·४० – १·७४) ÷ २ = ०·८३ सेंमी. मिळते. या वजाबाकीत त्रुटी आपोआप नाहीशी होते. परंतु एकट्या व्यासात ती कायम राहते. ३·३७ ऐवजी ३·४० धरल्यास व्यासात सु. ०·९ टक्के, तर व्यासाच्या वर्गावर अवलंबून असणाऱ्या क्षेत्रफळात सु. १·८ टक्के चूक होते. ओला बांबू वाळताना आकसतो, म्हणून मापासोबत त्याची अवस्थाही नोंदवावी लागते.

हेच तत्त्व वनमापनात मोठ्या प्रमाणावर लागू पडते. भारतात उभ्या झाडाचा व्यास छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १·३७ मी.वर घेण्याची पद्धत आहे. फितीने घेर मोजून व्यास काढताना खोडाचा छेद वर्तुळाकार मानला जातो. छेद तसा नसेल, तर क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा नेहमी जास्तच येते. मोठ्या कॅलिपरने सर्वांत मोठा व सर्वांत लहान असे दोन व्यास घेऊन त्यांची सरासरी काढल्यास हा दोष काही अंशी कमी होतो. वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये बांबूचा समावेश गौण वनोपजात झाल्यापासून वनोपजाचे मोजमाप ही केवळ वनखात्याची बाब राहिलेली नाही.

मर्यादा : मोजावयाची वस्तू पट्टीच्या रेषेत नसून तिच्या बाजूस असते. त्यामुळे सरकता जबडा किंचित कलला तरी चूक येते. मापनाची रेषा व पट्टीची रेषा एकच असावी हे तत्त्व जर्मन भौतिकीविज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये मांडले. सूक्ष्ममापी स्क्रू त्यास अनुसरतो, कॅलिपर अनुसरत नाही. म्हणून वस्तू जबड्यांच्या टोकांशी न धरता शक्य तितकी पट्टीजवळ धरावी व जबडे जोराने दाबू नयेत. लांबीच्या मापांसाठी २०° से. हे प्रमाण तापमान मानतात. चंद्रपूर-गडचिरोली भागात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. २० अंशांच्या वाढीने १० सेंमी. पोलाद सु. ०·०२३ मिमी.ने वाढते. शालेय उपकरणाच्या ०·१ मिमी. लघुतम मापापुढे हा फरक नगण्य आहे, ०·०१ मिमी. वाचणाऱ्या उपकरणात मात्र तो उपेक्षिता येत नाही.

उपकरणे अपुरी असल्यास व्हर्निअरचे तत्त्व जाड कागदावरही दाखविता येते. सेंटिमीटरच्या पट्टीलगत, ९ सेंमी.चे दहा समान भाग केलेली दुसरी पट्टी सरकविली म्हणजे मिलिमीटरच्या खुणांवाचून १ मिमी.पर्यंत वाचन करता येते. आकडे दाखविणारे विद्युत् कॅलिपर आता सर्वत्र मिळत असले, तरी जबडे मिटून शून्य तपासण्याची आवश्यकता त्यांतही कायम आहे.