मोटेचे चामडे आणि नावाची चिठ्ठी

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा कंपनीच्या मॉडेलांनी पायात कोल्हापुरीसारख्या चपला घालून फेरी मारली आणि कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. ज्यांनी आयुष्यात कधी चर्मकाराच्या घरचे पाणी घेतले नाही, तेही त्या आठवड्यात कोल्हापुरीचे वारसदार झाले! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलैमध्ये जनहित याचिका फेटाळली गेली. भौगोलिक निर्देशांकाचे नोंदणीकृत मालक स्वतः दाद मागू शकतात, त्रयस्थाचे हे काम नव्हे, असा त्याचा मथितार्थ. आता हे मालक कोण? कोल्हापुरीला २०१९ साली मिळालेली नोंदणी महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ यांच्या नावे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने करार केला तो याच दोन महामंडळांशी. दोन हजार जोड, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. त्यातले चपला शिवणाऱ्याच्या हातात किती पडणार, हा प्रश्न उरतोच. पण कागदावर नाव होते म्हणून बोलणी कोणाशी करायची, हे तरी ठरले.

परदेशी कंपनीवर राग काढणे सोपे असते. आपल्याच शहरातील डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांमध्ये हीच गोष्ट लहान प्रमाणावर घडते, तिची बातमी होत नाही. या संस्थांत शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या वस्तूंची मालिका तयार करून पदवी प्रदर्शनात मांडावी लागते. कंपन्यांची माणसे तेथे येतात, अनेकांच्या नोकऱ्या तेथेच ठरतात. प्रत्येक वस्तूशेजारी एक चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर एक नाव असते.

आमच्या वस्तीतील एक मुलगी यंदा अशा प्रदर्शनासाठी चामड्याच्या सहा पिशव्या करते आहे. बौद्ध घरातली, शिष्यवृत्तीवर शिकलेली पोरगी. तिने विषय घेतला मोटेचा. नव्या वाचकांना मोट ठाऊक नसेल म्हणून सांगतो. विहिरीच्या धावेवरून बैल खाली उतरत, नाडा ओढला जाई, चामड्याची मोट पाण्याने भरून वर येई आणि तिची लांब सोंड मोकळी होऊन पाणी थारोळ्यात पडे. तेथून पाटाने मळ्यात. मेलेले जनावर ओढायचे महाराने, कातडे कमवायचे ढोर समाजाने, मोट शिवायची चांभाराने. त्या मोटेतले पाणी मळेवाल्याने पिकाला दिले, बैलाला पाजले, स्वतःही प्याला. चामड्यातून आलेल्या पाण्याचा विटाळ झाला नाही. मोट शिवणाऱ्याची सावली विहिरीवर पडली की मात्र धर्म बुडाला! हा हिशेब कोणत्या शास्त्राचा, हे मळेवाल्यांच्या वारसांनी सांगावे.

तिच्या आजीला हे काही पसंत नाही. ज्या कातड्याचा वास अंगावरून जावा म्हणून आम्ही गाव सोडले, तेच तू पैसे देऊन घरात आणतेस? असे ती म्हणाली. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, आणि ती वतने नष्ट करणारा कायदा झाला १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. इतकी वर्षे झगडून जे सोडले, त्याकडे पुन्हा वळायचे? शिवाय जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले गेले, ते साऱ्या देशाने पाहिले. त्या पीडित कुटुंबाने २०१८ साली बौद्ध धम्म स्वीकारला.

तरीही आम्ही या बाबतीत नातीच्या बाजूचे आहोत. बाबासाहेबांनी सोडायला लावली ती जातीने लादलेली, बिनमोलाची किंवा चतकोर भाकरीच्या मोलाची गुलामी. ही मुलगी चौरस फुटाच्या भावाने रोख देऊन चामडे घेते, आणि नको वाटले तर उद्या कापडाकडे वळेल. तिला कोणी पाटील बोलवायला येत नाही. आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. गावगाड्याने ज्या दोन जातींना एकाच कातड्यावर राबवून एकमेकींपासून दूर ठेवले, त्यांची माणसे धारावीतील एका माळ्यावर एका टेबलाशी बसली आहेत. पिशव्या शिवणारा कारागीर चर्मकार समाजाचा, सोलापूरकडचा. ती त्याला मामा म्हणते, तो तिला ताई म्हणतो.

मामा शाळेत फार शिकला नाही. पण चामडे हातात घेतले की ते जनावराच्या कोणत्या भागाचे, हे तो बोटाने सांगतो. पाठीचे चामडे घट्ट, पोटाचे सैल आणि ओढले की ताणणारे. पट्टा कापायचा तर पाठीच्या कण्याला धरून लांबीत. पोटाकडचा कापला तर सहा महिन्यांत लोंबतो. कोठे गोचिडाचा डाग आहे, कोठे सोलताना सुरीचा कट बसला आहे, ते टाळून पुठ्ठ्याचे फर्मे असे मांडायचे की तुकडा वाया जाऊ नये. मुलीच्या चित्रात मोटेची सोंड वेगळी कापून पिशवीच्या तळाशी शिवली होती. मामा म्हणाला, ताई, ओझे सगळे याच टाक्यांवर येईल, फाटेल. त्याने पिशवीचे अंग आणि सोंड एकाच तुकड्यात कापली, शिवण बाजूला नेली आणि सोंड वर दुमडून तिचेच झाकण केले. पिशवी टिकाऊ झाली आणि दिसायलाही वेगळी झाली. खरे सांगायचे तर चित्रापेक्षा देखणी झाली.

मग ही पिशवी कोणाची?

मुलीने चिठ्ठीवर दोन नावे लिहिली. मार्गदर्शक बाईंनी एक खोडले आणि सुचवले, ‘स्थानिक कारागिरांच्या सहकार्याने’ एवढे पुरे आहे. स्थानिक कारागीर! माणसाला नाव असते, आडनाव असते, आधार कार्ड असते. वास्तुविशारदाचे नाव इमारतीवर कोरतात, छायाचित्रकाराचे नाव फोटोखाली येते. चामडे शिवणारा मात्र घाऊकात मोजला जातो. यात बाईंचा दुष्टपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यांना ते खटकलेच नाही, हे आम्हाला जास्त गंभीर वाटते.

वकील म्हणून आम्ही कायदा काढून पाहिला, तर कायदाही बाईंच्याच बाजूला झुकलेला. डिझाइन्स कायदा, २००० याच्या कलम २ (ड) प्रमाणे संरक्षण मिळते ते डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराला, रचनेला, नक्षीला. वस्तू बांधण्याची रीत त्यातून स्पष्टपणे वगळली आहे. म्हणजे कण्याला धरून पट्टा का कापायचा, हे मामाचे ज्ञान कायद्याच्या हिशेबी शून्य. पुढे, कोणी मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी डिझाइन तयार केले तर मालक तो दुसरा, असे मालकाच्या व्याख्येतच लिहिले आहे. मामाने मजुरी घेतली, संपला त्याचा हक्क. डोळ्याला हक्क आणि हाताला मजुरी, अशी ही वाटणी आहे, आणि पिढ्यान्पिढ्या डोळा कोणाचा व हात कोणाचा, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पण याच कायद्यात वाटही आहे. एकापेक्षा अधिक जण मिळून अर्ज करू शकतात. येथे आकारच मामाच्या सूचनेने बदलला, तेव्हा तो नुसता मजूर राहिला नाही, डिझाइनचा सहकर्ता झाला. दोघांनी आधी साधा लेखी करार करावा, उत्पन्नात कोणाचा किती वाटा ते त्यात लिहावे आणि संयुक्त अर्ज भरावा. व्यक्तींसाठी अर्जाचे शुल्क १००० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते, पुढे पाच वर्षे वाढवता येते. नोंदणी न करता नुसत्या चित्रावरील कॉपीराइटवर विसंबू नये. अशी वस्तू यंत्रोद्योगाच्या पद्धतीने पन्नासहून अधिक वेळा निघाली की तो हक्कही कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे संपतो.

आमची मुले येथेच फसतात. कलम ४ प्रमाणे अर्जापूर्वी लोकांसमोर आलेले डिझाइन नवे मानले जात नाही आणि त्याची नोंदणी होत नाही. कलम २१ मध्ये प्रदर्शनांना सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना, तीही आधी नोटीस दिली आणि सहा महिन्यांत अर्ज केला तर. कॉलेजचे पदवी प्रदर्शन म्हणजे असे अधिसूचित प्रदर्शन नव्हे. पिशवी काचेत ठेवली, तिचे फोटो मोबाइलवर फिरले, की हक्क गेला. ज्यांच्या वडिलांच्या ओळखीचा वकील असतो, त्यांना हे आधीच कळलेले असते.

या मुलीचा आणि मामाचा संयुक्त अर्ज प्रदर्शनाच्या तारखेपूर्वी दाखल होईल, ते काम आम्ही अंगावर घेतले आहे. चिठ्ठीवरील दोन नावांसाठी संस्थेला लेखी निवेदनही दिले आहे, उत्तर यायचे आहे.

यंदा ज्यांच्या घरातील मुलगा-मुलगी अशा प्रदर्शनात उतरणार आहे, मग वस्तू चामड्याची असो, बांबूची असो की घोंगडीची, त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर वस्तीतील विहारात यावे. सल्ल्याची फी नाही. वस्तूचे समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि खालून काढलेले फोटो आणावेत, पहिल्या चित्राचा कागद जपून ठेवला असेल तर तोही आणावा. संस्थेने प्रवेशाच्या वेळी कसल्या फॉर्मवर सही घेतली होती, त्याची प्रत शोधून ठेवावी. हक्क संस्थेचा असे काही जण त्यात आधीच लिहून घेतात. आणि ज्याने वस्तू बनवली त्या माणसाला सोबत आणावे. त्याचा खाडा होऊ नये म्हणूनच रविवार ठेवला आहे.