येण्याची वेळ

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. जिल्ह्याच्या गावातल्या एका रुग्णालयाची कॅज्युअल्टी. क्वालिटीचं काम पाहणाऱ्या सिस्टरच्या टेबलाशेजारी मी बसलोय. त्यांची अट एकच आहे, कुणाच्या वाटेत यायचं नाही.

टेबलावर लांबलचक रजिस्टर उघडं पडलंय. येण्याची वेळ, डॉक्टरांनी पाहिल्याची वेळ, ईसीजी, वॉर्डात हलवल्याची वेळ, आणि ७२ तासांत पेशंट तीच तक्रार घेऊन परत आला का, असे रकाने. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचचं मानांकन ठेवायचं तर असले आकडे दर महिन्याला काढावेच लागतात.

११.२० ला दारात रिक्षा थांबते. पन्नाशीचे गृहस्थ, शर्ट घामाने चिंब, मूठ छातीवर दाबलेली. मुलगा सवयीने केस पेपरच्या खिडकीकडे धावतो, तिथे रांग. ट्रायाजवरची, म्हणजे कुणाला आधी पाहायचं ते ठरवणारी सिस्टर मात्र नाडीला हात लावते आणि ओरडते, "मामा, स्ट्रेचर! पेपर नंतर, आधी ईसीजी." मनगटाला तातडीची लाल पट्टी बांधली जाते. घामाने छातीवरचे बल्ब धरत नाहीत, एक लावला की दुसरा सुटतो. सिस्टर गॉजने छाती कोरडी करते, पुन्हा जेल लावते. ११.२९ ला ईसीजीची पट्टी बाहेर येते. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत निघावा, असा जगभरचा दंडक आहे. तो पाळला गेला.

तरुण डॉक्टर पट्टी उजेडाकडे धरतात. मोठा अटॅक आहे. इथे कॅथलॅब नाही, म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, तेही दारात आल्यापासून अर्ध्या तासात. बीपी किती, अलीकडे ऑपरेशन झालंय का, कधी डोक्यात रक्तस्राव झाला होता का, असे प्रश्न एका दमात विचारून होतात. मुलाचा सही करणारा हात थरथरतोय. ११.४७ ला औषध शिरेत जातं. सत्तावीस मिनिटं.

आता गंमत बघा. कॉम्प्युटर येण्याची वेळ केस पेपरवरून उचलतो आणि पेपर निघालाय ११.३४ ला. म्हणजे हिशेबाने या गृहस्थांचा ईसीजी ते यायच्या पाच मिनिटं आधीच निघाला! काउंटरवरचा मुलगा उपाय सुचवतो, "सिस्टर, ईसीजी ३६ चा टाका, म्हणजे बसतंय." सिस्टर त्याच्याकडे नुसतं बघतात आणि गेटवरच्या वॉचमनला विचारून रजिस्टरात ११.२० लिहितात. त्यांनी ऐकलं असतं तर ईसीजीला दोन मिनिटं, इंजेक्शनला तेरा. कागदावर कुणालाही हेवा वाटावा असा विभाग! आणि खिडकीशी ताटकळलेल्या पेशंटची तेवढी मिनिटं कुठल्याच खात्यात जमा होत नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. इंग्लंडने २००४ मध्ये कॅज्युअल्टीतले ९८ टक्के पेशंट चार तासांत मोकळे करायचं लक्ष्य ठेवलं, २०१० मध्ये ते ९५ वर आणलं. रांगा घटल्या, हे खरं. पण चार तास भरायच्या शेवटच्या काही मिनिटांत निर्णयांची झुंबड उडते, हेही आकड्यांतच दिसलं. ज्यावर नजर असते तेच हलतं.

कोपऱ्यात मनगट मोडलेल्या आजी बसल्यात, थांबू शकणाऱ्यांची हिरवी पट्टी बांधून. नातू तिसऱ्यांदा विचारतो, "दुखायचं औषध तरी द्या हो." वेदनाशामक किती वेळात मिळालं, हेही मोजण्याचं माप आहे, पण या रजिस्टरात तो रकाना नाही. तापाने फणफणलेल्या बाळाला घेऊन आलेलं जोडपं कंटाळून, न दाखवताच निघून जातं. त्यांचा पेपर ढिगात तसाच राहतो. माझ्या मते विभागाची खरी परीक्षा याच दोन ठिकाणी आहे. सिस्टर पेन्सिलीने समासात दोन्हींची नोंद करतात. ती वरपर्यंत जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तुमच्यावर कधी अशी धावपळीची वेळ आली, तर दारात पोहोचल्याची वेळ मोबाइलवर टिपा, आणि केस पेपर हातात आला की तीच वेळ त्यावर लिहायला लावा.