उत्पादक कंपनी : आधी नियम, मग माल

कंपनी म्हटले की शहरातील गिरणी किंवा पेढी डोळ्यांसमोर येते. परंतु २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कंपनीस त्यात स्थान मिळाले आणि २००३ च्या फेब्रुवारीपासून ती तरतूद अमलात आली. किमान दहा उत्पादक एकत्र आले म्हणजे अशी कंपनी काढता येते. तिचा कारभार पाच ते पंधरा संचालकांचे मंडळ पाहते.

परस्पर साहाय्याची काही तत्त्वे कंपनीच्या अंतर्नियमांत असलीच पाहिजेत, असे कायद्याचे बंधन आहे. सभासदत्व ऐच्छिक असावे. भाग कितीही असले तरी व्यक्तिगत सभासदास मत एकच असावे. भांडवलावर मर्यादित परतावा द्यावा व शिल्लक ज्याने जितका व्यवहार कंपनीशी केला त्या प्रमाणात वाटावी, ही त्यांतील प्रमुख होत. तत्त्वे उत्तम आहेत. अडचण एवढीच की, बहुतेक ठिकाणी ती छापील नमुन्यातून उतरून घेतली जातात आणि सह्या करणाऱ्यांपैकी थोड्यांनीच ती वाचलेली असतात.

वास्तविक सर्वसंमत नियमांनी एकत्र शेती चालविणे आपल्याकडे नवीन नाही. धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीच्या खोऱ्यात बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडून एका फडात त्या वर्षी एकच पीक घेण्याची रीत शतकानुशतके चालत आली. पाटकरी पाळीप्रमाणे पाणी देई. कोणते पीक कोठे व पाणी कोणास केव्हा, हे लावणीपूर्वी ठरलेले असे; पाणी वाहू लागल्यावर त्याचा वाद घालीत बसण्याचे कारण उरत नसे.

उत्पादक कंपनीची खरी कसोटी सुगीत लागते. समजा, कंपनीने गिरणीस सोयाबीन देण्याचा करार केला आणि त्याच आठवड्यात व्यापारी दारी येऊन क्विंटलमागे शंभर रुपये अधिक, तेही रोख, देऊ लागला. सभासद माल त्यास देतात, करार मोडतो व कंपनीची पत जाते. अशा वेळी सभासदास दोष देणे सोपे आहे. परंतु मजुरी भागवायची आहे, उसनवारी फेडायची आहे आणि कंपनीचे पैसे केव्हा मिळतील हे कोणी सांगत नाही, अशा स्थितीत तो रोख पैशाकडे वळला तर नवल नाही. म्हणून जो नियम केवळ सभासदास बांधतो व कंपनीस मोकळे सोडतो, तो टिकत नाही. सभासदाने आपल्या मालाचा किती हिस्सा द्यावा हे ठरविताना कंपनीने किती दिवसांत पैसे द्यावेत हेही त्याच नियमात लिहावे.

कायद्याने यासाठी दोन साधने दिली आहेत. पहिले असे की, किती माल व किती काळ दिल्यास सभासद ‘सक्रिय’ समजावा हे अंतर्नियमांत ठरविता येते आणि मताचा अधिकार सक्रिय सभासदांपुरता ठेवता येतो. दुसरे, माल देताना किमतीचा काही भाग राखून ठेवून तो पुढे रोख, वस्तुरूपाने किंवा भागांच्या रूपाने देता येतो. हे दुसरे साधन जपून वापरावे. राखलेली रक्कम कोणत्या हिशोबाने परत मिळणार हे आधी न सांगितल्यास ती सभासदास कपातच वाटते.

प्रतवारीचेही तसेच. आर्द्रता १२ टक्क्यांपर्यंत असावी, असे ठरवून भागत नाही. आर्द्रतामापक सर्वांदेखत लावावा, संचालकाचे पोतेही त्याच रांगेत मोजावे व ओला माल परत नेण्याची की कमी दराने घेण्याची रीत राहील, हे अगोदर ठरवावे. ज्याचा धंदा कंपनीच्या धंद्याच्या आड येतो त्यास सभासद होता येत नाही, हा कायद्याचा नियम गावातील आडत्याबाबत हमखास पुढे येतो. तो प्रश्न नाव न घेता, प्रारंभीच सभेत मांडलेला बरा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने नियमांचा मसुदा स्वतः लिहून नेऊ नये. चावडीवर किंवा शाळेत पेरणीपूर्वी दोन-तीन बैठका घ्याव्यात, मागील हंगामात कोणाचे कशावरून बिनसले ते विचारावे आणि त्यातून निघालेले नियम बोलीभाषेत उतरवावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते मोठ्याने वाचावेत. महिला सभासदांना सोयीची वेळ ठेवावी. मान्य झालेले नियम इतिवृत्तात नोंदवून त्यांची प्रत खरेदी केंद्रावर, वजनकाट्याशेजारी लावावी.