सादरीकरणाची साधने, लेखांक ४ : सियागंजचा माल पडद्यावर

ऑनलाइन सादरीकरणासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत शोधण्यापेक्षा दाखवायच्या वस्तूत शोधणे अधिक फलदायी ठरते, आणि म्हणून या लेखांकात इंदूर रेल्वे स्थानकाजवळची सियागंज ही किराणा, मसाले व सुकामेवा यांची घाऊक पेठ उदाहरणादाखल घेतली आहे. अशा पेठेत सौदा नमुन्यावर ठरतो. गिऱ्हाईक काजू तळहातावर घेते, जिरे चोळून हुंगते, मिरचीचा देठ तपासते. तेच गिऱ्हाईक जळगावात किंवा पुण्यात बसून पडद्यावर माल पाहणार असेल, तर वास आणि स्पर्श दोन्ही बाद होतात व सारा भार एकट्या डोळ्यांवर येतो.

काजूची प्रतवारी घ्यावी. डब्ल्यू २४० व डब्ल्यू ३२० या खुणांमध्ये डब्ल्यू हे अक्षर अखंड पांढऱ्या गरासाठी असते, तर आकडा एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर भरतात ते सांगतो. साहजिकच आकडा जितका लहान तितका काजू टपोरा, आणि नवखा खरेदीदार नेमका याच्या उलट समजतो. तक्त्यात आकडे मांडून हा गैरसमज जात नाही. सारख्या वजनाचे दोन ढीग एकाच उजेडात, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून टिपले आणि ते छायाचित्र स्लाइडभर लावले, तर स्पष्टीकरणाचे एक वाक्यही पुरते. सिडनीत २०१३ साली सुरू झालेल्या कॅनव्हासारख्या साधनाचे आकर्षण त्याच्या तयार नमुन्यांत, म्हणजे रंग-रचना आधीच ठरलेल्या साच्यांत, आणि तयार छायाचित्रांच्या साठ्यात आहे. साचे जरूर वापरावेत, परंतु त्या साठ्यातला झळझळीत काजू विक्रेत्याच्या गोदामात नसतो, आणि माल उतरल्यावर हे गिऱ्हाइकाच्याही लक्षात येते.

साचा दिसण्यापुरता राहत नाही, तो विचारालाही वळण लावतो. पॉवरपॉइंट १९८७ साली फोरथॉट या कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आणले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. तेव्हापासून मुद्द्याखाली उपमुद्दा ही उतरंड सादरीकरणाची सवयच होऊन बसली. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, त्याच्या २००३ मधील अपघातानंतर माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी अभियंत्यांच्या एका स्लाइडची चिकित्सा केली असता, यानावर आदळलेला फोमचा तुकडा चाचणीतील तुकड्यांहून कितीतरी पटींनी मोठा होता ही कळीची बाब उपमुद्द्यांच्या तळाशी गाडली गेल्याचे दिसले. मसाल्याच्या दरपत्रकात जीव पणाला लागत नाही हे खरे, पण खोट तीच.

दर हा या पेठेचा सर्वांत चंचल भाग असल्याने गूगल स्लाइड्सची एक सोय येथे विशेष कामाची आहे: गूगल शीट्समधील तक्ता किंवा आलेख स्लाइडशी जोडून ठेवता येतो, व शीटमधला दर बदलला की स्लाइडवर एक कळ दाबून तो अद्ययावत करता येतो. चेन्नईच्या झोहो कंपनीचे झोहो शो हेही अनेकांनी मिळून एकाच फाइलवर काम करण्याच्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. बुडापेस्टमध्ये २००९ साली आलेल्या प्रेझीची रीत निराळी. त्यात एकच विस्तीर्ण पट असतो आणि दृश्य हवे तिथे जवळ-दूर नेले जाते, त्यामुळे उंझ्याचे जिरे, गुंटूरची मिरची आणि सांगलीची हळद एकाच नकाशावर दाखवायची असेल तर ते शोभते. साध्या दरपत्रकासाठी मात्र ही गरगर डोळ्यांना शीण देते. शिवाय प्रेझीची जुनी आवृत्ती फ्लॅश या तंत्रावर चालत असे आणि फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, म्हणून केलेले काम दुसऱ्या स्वरूपात उतरवून घेता येते की नाही हे आधीच पाहिलेले बरे.

मराठी वापरकर्त्याने सर्वांत कसून तपासायची गोष्ट लिपी ही होय. मध्य प्रदेशात कृतिदेव या फाँटमधला मजकूर आजही मुबलक आढळतो. त्यात रोमन अक्षरांच्या जागी नागरी आकार बसवलेले असल्याने तो मजकूर ऑनलाइन साधनात चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात, म्हणून आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असलेल्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो. त्यानंतर ‘व्यापाऱ्यांसाठी श्रीवर्धनी सुपारी, शहाजिरे, लवंग, हळद’ अशी एक ओळ टाकून पाहावी: ‘ऱ्यां’ फुटत असेल, किंवा ल आणि श मराठी वळणाऐवजी हिंदी वळणाचे येत असतील, तर फाँट बदलावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फाँट विनामूल्य मिळतात. हीच ओळ पीडीएफमध्ये उतरवून मोबाइलवरही पाहावी, कारण संगणकावर नीट दिसणारे जोडाक्षर तिथे मोडल्याचे बहुधा गिऱ्हाइकानेच कळवलेले असते.

पुढील लेखांकात मिरची व हळद यांचा रंग छायाचित्रात खरा कसा उतरवावा, याचा विचार होईल.