रिकाम्या मेणाचा ब्लॉक

हर्सूल टी पॉइंटजवळच्या लॅबमध्ये फॉर्मॅलिनची बाटली उघडली की डोळे चुरचुरतात. आत तांदळाच्या दाण्याएवढे पाच-सहा पांढुरके तुकडे. भाकरी अडकते म्हणून एका शेतकऱ्याला दुर्बीण घातली, तेव्हा अन्ननलिकेतून काढलेले.

रात्रभरात तुकड्यांतलं पाणी जाऊन मेण भरतं. सकाळी टेक्निशियन दादा मायक्रोटोमचं चाक फिरवतात. तीन-चार मायक्रॉन जाडीची फीत सुटते, कोमट पाण्यावर तरंगते, सुरकुत्या गेल्या की काचेवर येते. रंगवलेल्या स्लाइडवर पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी नजर टाकली. "स्क्वॅमस कॅन्सर." निदान झालं.

पण काही पेशींत आक्रसलेल्या केंद्रकाभोवती रिकामं कडं दिसलं. ही एचपीव्ही या व्हायरसची खूण असू शकते. 1982 साली फिनलंडच्या कारी सिर्यानेन यांनी अन्ननलिकेच्या गाठींत असेच बदल पाहिले आणि वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही.

एका थिसिससाठी त्या तुकड्यांचा हाच मेणाचा ब्लॉक आता व्हायरसचा डीएनए शोधायला पीसीआरला जायचा होता. दादांनी हातमोजे बदलले, सुरी पुसली, नवं ब्लेड लावलं आणि आधी रिकाम्या मेणाचा ब्लॉक कापला. त्यात व्हायरस सापडला तर सगळी बॅच बाद. आधी गर्भाशयमुखाची गाठ कापलेली असेल, तर तिचा कणही पीसीआर लाखो पटींनी वाढवतो. कुठल्या अभ्यासात व्हायरस भरपूर, कुठे शून्य, यामागे हेही एक कारण आहे. मला तर शोधनिबंधातल्या टक्केवारीआधी ब्लेड बदललं का, हेच विचारावंसं वाटतं.

बरं, डीएनए सापडला म्हणजे गुन्हा शाबीत होत नाही. व्हायरसची ई6, ई7 ही जनुकं गाठीत चालू असायला हवीत. 2017 च्या मोठ्या अमेरिकी जनुकीय अभ्यासात अन्ननलिकेच्या गाठींत एचपीव्हीचा असा पुरावा मिळाला नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची गोष्ट वेगळी. तिथे तो पक्का दोषी. आपल्याच धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि आयएआरसी ही आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी सव्वा लाखाहून अधिक बायकांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2009 साली आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

रिपोर्ट न्यायला मुलगा आला. कुणाकडून तरी 'व्हायरस' ऐकून आला होता.

"मॅडम, घरात लागतं का हे कुणाला?"

"नाही लागत. वडील तंबाखू कधीपासून खातात?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून."